वाचकांचे प्रश्न : वेगळ्या नेटवर्कांवरील संगणकांचा पहिला संपर्क

नेटवर्कविषयी आमच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात : एकमेकांना अनोळखी असलेले दोन संगणक, तेही वेगवेगळ्या नेटवर्कांवरचे, बोलू लागतात ते कसे? म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ असा आहे. मी जे संकेतस्थळ उघडतो त्याचा सर्व्हर भलत्याच नेटवर्कवर आणि भलत्याच पत्त्यावर असतो. मधली वाट माझ्या संगणकाला ठाऊक नसते. मग पहिला संपर्क नेमका होतो कसा?

उत्तर : मधली वाट आपल्या संगणकाला ठाऊक नसते हे खरे आहे आणि ती ठाऊक असण्याची गरजही नसते. प्रत्येक यंत्राला आपल्यापुढचा एक टप्पा कळला की पुरे, या तत्त्वावरच इंटरनेटची सगळी रचना उभी आहे. हा एक टप्पा कसा कळतो, ते नीट पाहिले की बाकीचे आपोआप उलगडत जाते.

समजा, संकेतस्थळाच्या नावावरून डीएनएसने २०३.०.११३.८० हा पत्ता सांगितला. (हा पत्ता लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, तेथे कोणताही सर्व्हर नाही.) आता संगणकाला आधी एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे हा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा. त्यासाठी त्याच्याजवळ सबनेट मास्क असतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा आकडा त्या नेटवर्कमधील यंत्राचा, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या संगणकाचे पहिले तीन आकडे १९२.१६८.१ आहेत, समोरच्याचे २०३.०.११३ आहेत, ते जुळत नाहीत, म्हणजे समोरचा बाहेरचा. एवढ्या तुलनेनंतर संगणक त्या दूरच्या यंत्राला गाठण्याचा विचार सोडून देतो आणि पॅकेट (पाठवायच्या माहितीचा एक छोटा तुकडा) आपल्या गेटवेकडे, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावरील राउटरकडे, सोपवायचे ठरवतो.

पण केबलवर किंवा वायफायवर या आकडी पत्त्याने, म्हणजे आयपी पत्त्याने, काही पोहोचत नाही. तेथे प्रत्येक नेटवर्क कार्डाला मिळालेला ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. म्हणून संगणक आपल्या नेटवर्कमधील सर्वांना एकदम विचारतो, ‘१९२.१६८.१.१ हा पत्ता कोणाचा आहे? आपला मॅक पत्ता कळवा.’ या पद्धतीला एआरपी म्हणतात आणि ती १९८२ पासून जवळजवळ तशीच चालत आली आहे. सगळी यंत्रे हा प्रश्न ऐकतात, उत्तर मात्र राउटर एकटाच देतो. ते उत्तर संगणक थोडा वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे दर पॅकेटमागे पुन्हा विचारावे लागत नाही.

आता जे पॅकेट निघते, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याच्या आतल्या भागात पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि पोहोचायचे ठिकाण २०३.०.११३.८० असे लिहिलेले असते. बाहेरच्या आवरणावर, ज्याला फ्रेम म्हणतात त्यावर, मात्र दूरच्या सर्व्हरचा नव्हे तर राउटरचा मॅक पत्ता असतो. म्हणजे अंतिम ठिकाण एक आणि तूर्तास ज्याच्या हाती द्यायचे तो दुसराच. राउटर ते आवरण काढून टाकतो, आतला पत्ता वाचतो, आपल्या वाटांच्या तक्त्यात त्या पत्त्याशी सुरुवातीपासून सर्वांत लांबवर जुळणारी नोंद शोधतो आणि पुढच्या राउटरसाठी नवे आवरण चढवून पॅकेट पुढे ढकलतो. पुढचा राउटरही हेच करतो. प्रत्येक टप्प्यावर बाहेरचे आवरण बदलते, पण पोहोचायचा आयपी पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो. (पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र घरगुती राउटर बदलतो, त्याविषयी शेवटच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.)

वाटेत एखाद्या तक्त्यात चूक असली, तर पॅकेट दोन राउटरांमध्ये घिरट्या घालत राहू नये म्हणून त्यावर टीटीएल नावाचा आकडा असतो. तो बहुधा ६४ किंवा १२८ पासून सुरू होतो आणि प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते आणि तसे पाठवणाऱ्याला कळवले जाते. ट्रेसराउट हे साधन याच सोयीचा उपयोग करून घेते : ते मुद्दाम एक, दोन, तीन असा चढता टीटीएल देऊन पॅकेट पाठवते आणि ते टाकून देणारा प्रत्येक राउटर आपला पत्ता कळवत गेला की मधली वाट डोळ्यांसमोर येते. ज्यांना हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे, त्यांनी ही आज्ञा एकदा तरी चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : सर्व्हरचा पत्ता डीएनएसला विचारायचा, तर आधी डीएनएसशी बोलावे लागेल. त्याचा पत्ता कोण सांगतो? आणि संगणकाला स्वतःचा पत्ता नसताना तो पहिला प्रश्न तरी कोणत्या पत्त्यावरून विचारतो?

उत्तर : नेटवर्कला नुकत्याच जोडलेल्या संगणकाजवळ स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून तो पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि पोहोचायच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असे लिहून हाक मारतो. या दुसऱ्या पत्त्याचा अर्थ ‘या नेटवर्कमधील सर्व यंत्रे’ असा होतो आणि राउटर असे पॅकेट आपल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. त्या नेटवर्कमधील पत्ते वाटून देणारा डीएचसीपी सर्व्हर, घरात बहुधा राउटरच, ही हाक ऐकून एक पत्ता देऊ करतो. संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर त्याला मान्यता देतो. या देवघेवीत संगणकाला चार गोष्टी मिळतात : स्वतःचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवेचा पत्ता आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता. डीएनएसचा पत्ता नावाच्या नव्हे, आकड्यांच्या रूपातच मिळत असल्यामुळे तो शोधण्यासाठी दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

डीएनएस सर्व्हरलाही कोठून तरी सुरुवात करावीच लागते. नावांच्या या उतरंडीत सर्वांत वर जे रूट सर्व्हर आहेत, त्यांचे पत्ते त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेले असतात. या सर्व्हरांची नावे फक्त १३ आहेत, परंतु प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेली अनेक यंत्रे असून त्यांची एकूण संख्या हजाराच्या पुढे आहे. रूट सर्व्हर पूर्ण उत्तर देत नाही, तो फक्त पुढे कोणाला विचारावे ते सांगतो. येथेही तत्त्व तेच आहे : एका वेळी एकच टप्पा.

नावाचे उत्तर मिळण्यासाठी वाटेचीही गरज असते, हे मात्र विसरता कामा नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या, तेव्हा हेच घडले होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. डेटा सेंटरशी संपर्क होत नाही असे दिसताच कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, ठरलेल्या नियमानुसार, आपल्याकडे येणाऱ्या वाटांची घोषणा मागे घेतली. ते सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारी वाट बाकीच्या जगाच्या तक्त्यांतून पुसली गेली होती, म्हणून नावाचा पत्ता कोणालाच मिळेना.

प्रश्न : दोन संगणक एकाच नेटवर्क स्विचला जोडून मी त्यांना १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.२.१० असे पत्ते हाताने दिले. केबलचे दिवे लागतात, तरी पिंग (समोरचा उत्तर देतो का ते पाहणारा संदेश) जात नाही. केबल तर एकच आहे, मग अडचण कोठे आहे?

उत्तर : अडचण मास्कमध्ये आहे. मास्क २५५.२५५.२५५.० असताना दोन्ही संगणक एकमेकांना बाहेरचे समजतात आणि गेटवे शोधू लागतात. गेटवे दिलेलाच नसेल, तर पॅकेट कार्डातून बाहेरही पडत नाही. नेटवर्कपर्यंत पोहोचता येत नाही असा निरोप लगेच येतो. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवलेली आहेत की सातासमुद्रापलीकडे, याच्याशी संगणकाला काही देणेघेणे नसते. तो पत्ते ताडून पाहतो आणि त्यावरूनच आपले की बाहेरचे हे ठरवतो.

उपाय दोन आहेत. दोन्ही यंत्रांना एकाच गटातले पत्ते द्यावेत, किंवा ज्याला १९२.१६८.१ आणि १९२.१६८.२ या दोन्ही गटांतला एकेक पत्ता आहे असा राउटर मध्ये ठेवून प्रत्येक संगणकाला त्याच्या बाजूचा पत्ता गेटवे म्हणून द्यावा.

मास्क एकाच यंत्रावर चुकलेला असतो, तेव्हा याहून फसवा प्रकार घडतो. समजा, पहिल्याचा मास्क २५५.२५५.०.० झाला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला. आता पहिला दुसऱ्याला आपल्यातला समजून पॅकेट थेट त्याच्या हाती देतो. दुसरा मात्र पहिल्याला बाहेरचा समजून उत्तर गेटवेकडे पाठवतो. गेटवे नसेल किंवा त्याला परतीची वाट माहीत नसेल, तर उत्तर तेथेच हरवते. आपण पहिल्या संगणकापाशी बसून पॅकेट पोहोचलेच नाही अशी समजूत करून घेतो आणि तास न् तास जाण्याच्या वाटेवर चूक शोधत राहतो. जाण्याची वाट आणि परतीची वाट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पिंगला उत्तर मिळाले तर दोन्ही वाटा चालू आहेत एवढे नक्की कळते. उत्तर मिळाले नाही तर दोन्हींपैकी कोणती बंद आहे हे मात्र त्यावरून कळत नाही. अशा वेळी दुसऱ्या संगणकावर वायरशार्क किंवा टीसीपीडंप हे पॅकेट टिपून दाखवणारे साधन लावून पॅकेट तेथे उतरते का, हे आधी पाहावे.

प्रश्न : टीसीपीत संपर्क सुरू होताना तीन संदेशांची देवघेव होते असे वाचले. दोन का पुरत नाहीत? आणि ‘कनेक्शन नाकारले’ व ‘वेळ संपली’ या दोन त्रुटींत काय फरक आहे?

उत्तर : पॅकेट वाटेत हरवू शकते, उशिरा येऊ शकते, एकाचे दोन होऊ शकते आणि क्रम सोडूनही येऊ शकते. पॅकेट पत्त्यावर पोहोचवण्याचे नियम म्हणजे आयपी, आणि ते यांपैकी कशाचीच हमी देत नाहीत. म्हणून आयपीच्या वर चालणाऱ्या टीसीपी या नियमांमध्ये दोन्ही बाजू आपापल्या बाइटांना क्रमांक देतात आणि मोजणी कोणत्या क्रमांकापासून सुरू होणार हे आधी एकमेकांना सांगतात. सुरुवात करणारा संगणक ‘सिन’ संदेश पाठवून सांगतो की माझी मोजणी, समजा, ५००० पासून. सर्व्हर उत्तर देतो की ५००० पोहोचला, आता ५००१ ची वाट पाहतो, आणि माझी मोजणी ८२०० पासून. तिसऱ्या संदेशात पहिला कळवतो की ८२०० पोहोचला, आता ८२०१ ची वाट पाहतो. दोन संदेशांवर थांबले, तर सर्व्हरचा आकडा समोर पोहोचला की नाही हे सर्व्हरला कधीच कळणार नाही. शिवाय जुन्या, संपून गेलेल्या संपर्कातला एखादा भरकटलेला ‘सिन’ उशिरा येऊन पोहोचला, तर सर्व्हर तो नवा मानून उगाच संपर्क उघडून बसेल. तीन संदेशांत तो पकडला जातो, कारण आपण न मागितलेल्या संपर्काचे उत्तर आलेले पाहून पहिला संगणक तो तेथेच रद्द करतो. प्रत्यक्षात हे आरंभीचे क्रमांक सहज ओळखता येणार नाहीत असे निवडले जातात, नाहीतर तिऱ्हाइताला अंदाजाने मध्ये घुसता येईल.

हे सगळे घडण्यासाठी पलीकडे कोणीतरी कान देऊन बसलेले असावे लागते. सर्व्हरवरचा प्रोग्राम एका ठरावीक पोर्टवर, म्हणजे त्या सेवेच्या क्रमांकावर, जसे सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ वर, वाट पाहत असतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. यंत्र जागे आहे पण त्या पोर्टवर कोणीही नाही, तर ते बहुधा ताबडतोब रद्द करण्याचा संदेश पाठवते आणि आपल्याला ‘कनेक्शन नाकारले’ असे दिसते. ही त्रुटी एका अर्थी चांगली बातमी असते, कारण बहुतेक वेळा तिच्यावरून जाण्याची आणि परतीची अशा दोन्ही वाटा चालू आहेत आणि फक्त सेवा बंद आहे, हे कळते. ‘वेळ संपली’ याचा अर्थ उत्तरच आले नाही. अशा वेळी संगणक ‘सिन’ पुन्हा पाठवतो. सामान्यतः आधी एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, असा थांबण्याचा वेळ दुपटीने वाढवत जातो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत हे प्रयत्न सोडून देईपर्यंत दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. येथे दोष वाटेत असू शकतो, बंद यंत्रात असू शकतो किंवा पॅकेट गुपचूप टाकून देणाऱ्या फायरवॉलमध्येही असू शकतो. दोन्ही त्रुटींना ‘सर्व्हर चालत नाही’ असे एकच नाव देऊन तक्रार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पडद्यावर दिसलेला निरोप जसाच्या तसा लिहून पाठवावा. दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम त्यानेच होते.

प्रश्न : वेगळ्या बांधणीची नेटवर्के एकमेकांना जोडण्याची ही कल्पना कोणाची?

उत्तर : व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी ती १९७४ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. तेव्हा अर्पानेट हे अमेरिकेतले संशोधनासाठीचे जाळे होते, रेडिओवर चालणारे आणि उपग्रहावर चालणारे अशी आणखी जाळीही होती, आणि प्रत्येकाच्या पॅकेटचा आकार, वेग व नियम निराळे होते. या सर्वांना एका साच्यात बसवण्याऐवजी प्रत्येक नेटवर्क आहे तसेच ठेवावे, दोन नेटवर्कांच्या सीमेवर गेटवे बसवावेत आणि हरवलेले पुन्हा पाठवण्याची जबाबदारी मधल्या यंत्रांवर न टाकता टोकाच्या संगणकांवर टाकावी, असे त्यांनी सुचवले. माझ्या मते या सूचनेतला सर्वांत दूरदृष्टीचा भाग हा शेवटचाच आहे, कारण मधल्या यंत्रांना कमीत कमी काम ठेवल्यामुळेच पुढे नवी नवी जाळी जोडत जाणे शक्य झाले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी या तिन्ही प्रकारच्या जाळ्यांमधून पॅकेट पाठवण्याचा प्रयोग झाला; त्यात रेडिओ संच बसवलेली एक गाडी रस्त्यावर धावत असताना त्यातून पॅकेट निघत होती. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने आपला जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला.

प्रश्न : घरातून मी कोणत्याही सर्व्हरशी संपर्क साधू शकतो, पण बाहेरून कोणी माझ्या संगणकाशी संपर्क साधू शकत नाही. तरीही दोन घरांमधला व्हिडिओ कॉल थेट चालतो. हे कसे?

उत्तर : आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा आहे, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले, म्हणून १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात, त्यामुळे सार्वजनिक इंटरनेटवर त्यांच्याकडे जाणारी वाट असूच शकत नाही. आपला राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा खासगी पत्ता खोडून तेथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक लिहितो आणि त्याची नोंद ठेवतो. उत्तर त्या पोर्टवर आले की नोंद पाहून ते आपल्या संगणकाकडे वळवतो. याला नॅट म्हणतात.

नोंद तयार होते ती आतून पॅकेट बाहेर गेल्यावरच. बाहेरून एखादे पॅकेट स्वतःहून आले, तर घरातल्या कोणत्या यंत्राला ते द्यावे याची नोंद राउटरकडे नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. म्हणजे सुरुवात करण्याचा अधिकार आतल्या यंत्राकडे असतो, बाहेरच्याकडे नसतो. दोन्ही टोकांना नॅट असेल, तर दोघेही आतले आणि एकमेकांसाठी दोघेही बाहेरचे. नियमाने पाहिले तर त्यांचा संपर्क सुरूच होऊ नये.

यातून काढलेली वाट अशी. दोन्ही यंत्रे आधी एका सार्वजनिक सर्व्हरशी बोलतात आणि ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून व पोर्टवरून दिसतो’ असे विचारतात; या पद्धतीचे नाव स्टन. मिळालेली माहिती दोघेही, दोघांना ओळखणाऱ्या तिसऱ्या सर्व्हरमार्फत, एकमेकांना कळवतात आणि मग जवळजवळ एकाच वेळी एकमेकांच्या सार्वजनिक पत्त्याकडे पॅकेट पाठवू लागतात. पहिल्याचे पॅकेट दुसऱ्याच्या राउटरपाशी पोहोचते तेव्हा तेथे नोंद नसेल, तर ते वाया जाते. पण जाता जाता त्याने पहिल्याच्या राउटरमध्ये नोंद करून ठेवलेली असते. त्यामुळे दुसऱ्याकडून आलेले पॅकेट तेथे उत्तर समजून आत घेतले जाते आणि दोन्ही बाजू खुल्या होतात. राउटर प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवे पोर्ट देणारा असेल, तर ही युक्ती बहुधा चालत नाही, आणि मग सगळा मजकूर टर्न नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत फिरवावा लागतो. तेव्हा कॉल थेट नसतो, जरी आपल्याला तो थेट वाटला तरी.

बाहेरून कायमचा संपर्क हवा असेल, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे अमुक पोर्टवर आलेले पॅकेट घरातल्या अमुक यंत्राला द्यावे अशी, नोंद हाताने करता येते. त्याआधी राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता मात्र तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ या गटातला निघाला, तर सेवा देणाऱ्याने वरच्या पातळीवर आणखी एक नॅट लावलेले आहे असे समजावे. मग आपल्या राउटरमधली नोंद काही उपयोगाची नाही.

नॅटमुळे पत्ते पुरले हे मान्य करूनही, कोणत्याही यंत्राला कोणत्याही यंत्राशी संपर्क सुरू करता यावा हा इंटरनेटचा मूळ गुण त्यामुळे गेला याची मला खंत वाटते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पत्ते बदलण्याची गरज उरत नाही. तरीही बहुतेक घरगुती राउटरांची फायरवॉल बाहेरून स्वतःहून आलेली पॅकेटे सहाव्या आवृत्तीतही अडवते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. फरक एवढाच, की तेथे अडसर पत्त्याच्या टंचाईचा नसून आपल्याच राउटरमधल्या एका नियमाचा असतो, आणि ज्या यंत्राला बाहेरून गाठायचे आहे त्याच्यापुरता, हव्या त्या पोर्टापुरता, तो नियम शिथिल करता येतो.